गवत आणि मातीतले सेंद्रिय स्फुरद: अडकलेला साठा मुळांपर्यंत कसा आणायचा

गवताचा एक ठोंब खुरप्याने अलगद उचला आणि हलकेच झटका. बरीचशी माती गळून पडेल, पण मुळांवर पायमोजा चढवल्यासारखा मातीचा पातळ थर तसाच राहील. भिंगातून पाहिले तर त्या थरात बारीक पांढरे मूलरोम मातीच्या कणांना बिलगलेले दिसतात, आणि मुळांनी सोडलेला चिकट द्रव सगळ्यांना सांधून धरतो. गवताचा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) बहुतेक व्यवहार या एक-दोन मिलिमीटरमध्ये होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा थर जिवंत आणि ओला ठेवण्यासाठीच आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गवत सेंद्रिय स्फुरद ‘खात’ नाही. मुळांच्या पेशींवरची वाहक प्रथिने आत घेतात ते सुटे, अजैविक फॉस्फेट. सेंद्रिय स्फुरदात हे फॉस्फेट कर्बाच्या (कार्बनच्या) सांगाड्याला जोडलेले असते आणि ती जोडणी तोडल्याशिवाय ते मुळाच्या कामाचे नसते. तोडण्याचे काम फॉस्फटेज नावाची एन्झाइम करतात. त्यातली काही गवताची स्वतःची असतात, बरीचशी मातीतल्या जिवाणूंची आणि बुरशींची. म्हणून शेणखत टाकले म्हणजे स्फुरद दिले, हा हिशेब अर्धाच खरा आहे. आपण कच्चा माल दिला. तो सुटा झाला का, आणि झाल्यावर मुळापर्यंत पोचला का, हे प्रश्न वेगळे.

मातीत नेमके काय पडलेले असते

बऱ्याच जमिनींत एकूण स्फुरदापैकी साधारण ३० ते ६५ टक्के सेंद्रिय रूपात असते. जुन्या कुरणात हे प्रमाण सहसा वरच्या टोकाकडे असते, कारण तिथे मुळे सतत मरतात आणि नवी येतात.

या साठ्यात सोपे आणि अवघड असे दोन्ही प्रकार असतात. मेलेल्या पेशींतली न्यूक्लिक आम्ले आणि पेशीपटलांतली फॉस्फोलिपिड्स ही सोपी. त्यांना दोन घाव लागतात, आधी एक एन्झाइम साखळी तोडते आणि मग दुसरे फॉस्फेट सुटे करते, पण मातीत ती फार दिवस टिकत नाहीत. अवघड म्हणजे फायटेट: एका लहानशा कर्बी कड्याला सहा फॉस्फेट चिकटलेले. इतक्या ऋणभारांमुळे फायटेट चिकणमातीला, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना घट्ट धरते, आणि चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमबरोबर न विरघळणारा साका होऊन बसते. एन्झाइमला तिथे हात घालायला जागाच मिळत नाही. सोपे ते आधी संपते आणि अवघड ते साचत जाते, म्हणून कित्येक जमिनींच्या सेंद्रिय साठ्यात फायटेटचाच वाटा सगळ्यात मोठा निघतो.

यातली गंमत अशी की गवताला फायटेट अनोळखी नाही. तृणधान्यांच्या दाण्यातले ६० ते ८० टक्के स्फुरद फायटेटच असते. दाणा रुजताना आतले फायटेज हे एन्झाइम जागे होते, फायटेट फोडते आणि रोपाचे पहिले दिवस त्यावर निघतात. पण तेच रोप मुळावाटे फायटेज बाहेर सोडण्यात कमालीचे कंजूष. निर्जंतुक आगरवर (मातीऐवजी वापरायच्या जेलीवर) वाढवलेल्या गव्हाच्या रोपांना स्फुरदाचा एकमेव स्रोत म्हणून फायटेट दिले तेव्हा ती उपाशीच राहिली. त्यात ॲस्परजिलस बुरशीचे फायटेज घातल्यावर मात्र तीच रोपे त्या फायटेटवर वाढली. गवताला शेजारी लागतात ते असे.

पायरी १: पाने वाचा, पण घाईने निकाल देऊ नका

स्फुरद कमी पडले की गवत आधी काटकसर करते. जुन्या पानांतला आरएनए मोडून त्यातले फॉस्फेट नव्या पानांकडे पाठवते. पेशीपटलांतली फॉस्फोलिपिड्स काढून त्यांच्या जागी स्फुरद नसलेली शर्करायुक्त स्निग्धद्रव्ये बसवते. ओटच्या मुळांत हा बदल स्पष्ट दिसलेला आहे. इतके सगळे आत चाललेले असताना वरून फक्त एवढेच कळते की फुटवे कमी आहेत आणि वाढ रेंगाळली आहे. पाने तर उलट गडद हिरवी दिसतात, त्यामुळे बघणारा फसतो. जांभळट छटा येते ती नंतर, आणि जुन्या पानांवर आधी.

जांभळे दिसले की लगेच खताच्या पोत्याकडे धावू नका. थंड मातीतली कोवळी रोपेही जांभळी पडतात, कारण मुळे आणि एन्झाइम दोन्ही मंदावलेली असतात. ऊब आली की तो रंग आपोआप जातो. शंका असेल तर वाढीच्या अवस्थेतली पाने तपासून घ्या. कोरड्या वजनात ०.३ टक्क्याच्या आसपास स्फुरद असेल तर गवत सुखात आहे, ०.२ च्या खाली गेले तर नाही. पण बी धरलेल्या, वाळत चाललेल्या गवताला ही मोजपट्टी लावू नका. वय वाढले की टक्का घसरतोच.

पायरी २: माती परीक्षणाचा अहवाल नीट विचारून घ्या

नेहमीच्या अहवालातले ‘उपलब्ध स्फुरद’ हे मुख्यतः अजैविक असते. उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींसाठी ओल्सेन पद्धत, आम्लधर्मी जमिनींसाठी ब्रे पद्धत वापरतात. दोन्ही सेंद्रिय साठ्याबद्दल जवळजवळ मौन पाळतात. त्यामुळे अहवालात ‘कमी’ लिहिलेले असूनही जुने कुरण मजेत वाढताना दिसू शकते.

सेंद्रिय स्फुरद मोजायची जुनी आणि सोपी पद्धत जाळण्याची आहे. मातीचा एक नमुना ५५० अंश सेल्सिअसला जाळायचा, दुसरा तसाच ठेवायचा, दोन्हींतून आम्लाने स्फुरद काढायचे. जो फरक येईल तो सेंद्रिय भाग. प्रयोगशाळेत भट्टी असेल तर हे काम होते. मात्र खूप झिजलेल्या तांबड्या जमिनींत उष्णतेने अजैविक स्फुरदही सैल होते आणि आकडा फुगतो.

काही ठिकाणी फॉस्फटेजची चाचणीही करून मिळते. मातीत एक कृत्रिम फॉस्फेट संयुग मिसळून ३७ अंशाला तासभर ठेवतात आणि किती पिवळा रंग सुटला ते मोजतात. हा आकडा वाचताना माझे एक मत सांगतो: फॉस्फटेज जास्त म्हणजे माती उत्तम, असे परस्पर ठरवू नका. स्फुरदाची भूक लागली की मुळे आणि सूक्ष्मजीव एन्झाइम वाढवतात, त्यामुळे मोठा आकडा पुष्कळदा टंचाईची खूण असतो. एकाच शेतातल्या दोन पट्ट्यांची किंवा दोन वर्षांची तुलना करायला तो उपयोगी. एकटा आकडा फार बोलत नाही.

पायरी ३: ओल, सामू, ऊब

फॉस्फेट मातीत जवळजवळ चालतच नाही. दिवसभरात ते मिलिमीटरचा छोटा अंश सरकते, तेही मातीच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा सलग असेल तर. माती सुकली की हा रस्ता तुटतो आणि एन्झाइम असून नसल्यासारखी होतात. उलट पाणी तुंबले की हवा संपते आणि मुळे गुदमरतात. वाफसा हाच मधला मार्ग. महागाची औषधे टाकण्याआधी तेवढे सांभाळले तरी बराच फरक पडतो.

कोरडी पडलेली माती पुन्हा भिजते तेव्हा एक वेगळीच गोष्ट होते. पाणी एकदम आत शिरल्याने बऱ्याच सूक्ष्मजीवांच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले स्फुरद सुटे होते. हा ओघ फार थोडे दिवस टिकतो. त्या वेळी जमिनीत जिवंत मुळे असतील तर गवत तो पकडते, नसतील तर उरलेले सूक्ष्मजीव किंवा मातीचे कण तो गिळतात. बहुवर्षायू गवताचा मोठा फायदा इथेच आहे, त्याची मुळे आधीच जागेवर असतात.

सामू (pH) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर उत्तम. खूप आम्ल जमिनीत ॲल्युमिनियम मुळांची टोके मारते, त्यामुळे आधी चुना, मग बाकीचे. पण चुना जपून. जास्त झाला तर कॅल्शियमच फॉस्फेट धरून बसते.

पायरी ४: कर्ब आणि स्फुरद यांचा हिशेब

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण बहुतेक चुका इथे होतात आणि माझीही झाली होती. एकदा पेरणीआधी वाफ्यावर वाळलेल्या गवताचा जाड थर मातीत मिसळला. उद्देश चांगला होता. पुढचे सहा आठवडे रोपे पिवळट-जांभळी होऊन जागच्या जागी उभी राहिली.

कारण सूक्ष्मजीवांच्या पोटात आहे. त्यांना कर्बाबरोबर स्फुरदही लागते. दिलेल्या मालात कर्बाच्या मानाने स्फुरद पुरेसे असेल तर ते त्यांना पुरून उरते आणि मातीत सुटते. कमी असेल तर ते मातीतलेच सुटे स्फुरद उचलून स्वतःच्या अंगात घेतात, आणि गवताच्या वाट्याला काही येत नाही. ढोबळ नियम असा: कर्ब-स्फुरद गुणोत्तर २०० च्या खाली असेल तर स्फुरद सुटते, ३०० च्या वर असेल तर अडकते, मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजू साधारण बरोबरीच्या.

आता आकडे घालून पाहू. वाळलेल्या वनस्पतीत कर्ब सुमारे ४२ टक्के धरा. हिरवळीवरून कापलेल्या कोवळ्या गवतात स्फुरद ०.३ टक्के असेल तर गुणोत्तर १४० आले. हे कापलेले तिथेच पडू द्या, ते गवताला स्फुरद परत देईल. बी झडून गेलेल्या वाळक्या गवतात स्फुरद ०.१ टक्का असेल तर गुणोत्तर ४२०, म्हणजे हा माल आधी मागणार आणि मग देणार. जात तीच, जागा तीच, फरक फक्त कापायच्या वेळेचा.

वाळके गवत वापरायचेच असेल तर शेणखतात मिसळून आधी कुजवा. १०० किलो वाळक्या गवतात ४२ किलो कर्ब आणि १०० ग्रॅम स्फुरद आहे. शेणखताच्या कोरड्या वजनात कर्ब ३० टक्के आणि स्फुरद ०.५ टक्के धरले, तर गुणोत्तर २०० वर आणायला साधारण ३२ किलो कोरडे शेणखत लागते. ताजे, ओले शेण घेत असाल तर त्यातले पाणी वजा करून हिशेब करा, नाहीतर प्रमाण पार चुकते. आणि कुजताना कर्ब वायू होऊन उडतो, स्फुरद उडत नाही, त्यामुळे नीट कुजलेल्या ढिगाचे गुणोत्तर आणखी खाली येते.

अडकलेले स्फुरद वाया जात नाही, हेही सांगायला हवे. सूक्ष्मजीव मरतात, त्यांना खाणारे प्रोटोझोआ आणि सूत्रकृमी जास्तीचे फॉस्फेट बाहेर टाकतात, आणि ते पुन्हा फिरते. बसलेल्या कुरणाला हा उशीर झेपतो, चार पानांच्या रोपाला झेपत नाही. माझ्या त्या वाफ्यात नत्रही त्याच वेळी अडकले होते, म्हणून दोन्ही रंग एकदम दिसले.

पायरी ५: खत कोणाच्या पोटातून आले ते बघा

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव फायटेट फोडतात, त्यामुळे शेणातले बरेच स्फुरद आधीच अजैविक झालेले असते. कोंबडी आणि डुक्कर यांना हे फारसे जमत नाही, म्हणून त्यांच्या विष्ठेत खाद्यातले फायटेट बऱ्याच प्रमाणात तसेच उतरते. खाद्यात फायटेज मिसळलेले असेल तर कमी. कोंबडखत ताजे न टाकता कुजवून टाकण्याचे हे आणखी एक कारण.

पायरी ६: कापताना मुळांचा विचार करा

एन्झाइम, चिकट द्रव, आम्ले, मूलरोम या सगळ्याचा खर्च पानांनी केलेल्या साखरेतून निघतो. १९५५ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने क्रायडर यांचे गवताच्या कापणीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका कापणीत निम्म्यापर्यंत पाला काढला तेव्हा मुळांच्या वाढीला फारसा धक्का बसला नाही. ८० टक्के पाला काढला तेव्हा मुळांची वाढ पूर्ण थांबली आणि सुमारे १२ दिवस थांबलेलीच राहिली. स्फुरद स्वतः चालत येत नाही, मुळाला त्याच्याकडे जावे लागते. ते मूळच बारा दिवस उभे राहिले तर काय होणार? निम्म्याहून जास्त उंची एका वेळी कापू नका.

एन्झाइम ही प्रथिने आहेत, त्यामुळे नत्राची चणचण असली की फॉस्फटेजही कमी बनते. थोडे नत्र दिल्यावर स्फुरदाची लक्षणे सुधारलेली दिसतात ती पुष्कळदा यामुळे. गवतात शेंगवर्गीय सोबती पेरला तर नत्राची सोय होते. शिवाय ल्युपिनसारखे काही सोबती मुळांतून सायट्रेट भरपूर सोडतात आणि चिकणमातीला चिकटलेले फायटेट व फॉस्फेट सैल करतात. गवताला स्वतःला हे काम बेताचेच जमते.

पायरी ७: मायकोरायझाला त्रास देऊ नका

मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधले फॉस्फेट लवकर संपते. मायकोरायझा म्हणजे मुळांशी भागीदारी करून राहणारी बुरशी. तिचे धागे मूलरोमांहून बारीक असतात आणि त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत जातात. ही बुरशी स्वतः सेंद्रिय स्फुरद तोडण्यात फार तरबेज नाही. तिच्या धाग्यांवर राहणारे जिवाणू तोडतात, ती वाहून आणते.

स्फुरदाची भूक लागलेले मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे संयुग सोडून या बुरशीला बोलावते. हीच हाक टारफुला या परजीवी तणाचे बीही ऐकते आणि ज्वारीच्या मुळाला येऊन चिकटते. हलक्या, स्फुरदाने गरीब जमिनीत टारफुला का माजतो, याचे एक कारण यात आहे.

करायचे फारसे काही नाही, टाळायचे आहे. वारंवार नांगरट केली की धाग्यांचे जाळे तुटते. जमीन दीर्घकाळ उघडी राहिली किंवा मोहरीवर्गीय पीक लागोपाठ घेतले तर बुरशीला यजमानच मिळत नाही. आणि सुपरफॉस्फेट भरमसाट दिले की गवतच बुरशीला साखर देणे कमी करते. एन्झाइमही आवरते घेते. जुन्या कुरणात विकतच्या मायकोरायझाची पाकिटे टाकण्यात मला अर्थ वाटत नाही. तिथे ती आधीच आहे.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: हे जिवाणू खनिज फॉस्फेट विरघळवतात, की सेंद्रिय स्फुरद तोडतात? दोन्ही कामे वेगळी आहेत. पहिल्याला आम्ले लागतात, दुसऱ्याला फॉस्फटेज किंवा फायटेज. उत्तर मिळाले नाही तर पाकीट खाली ठेवा.

पायरी ८: जमाखर्च मांडा

सेंद्रिय साठा फिरवता येतो, त्यातून नवे स्फुरद निर्माण होत नाही. हेक्टरी १० टन कोरडे गवत ०.३ टक्के स्फुरदासह बाहेर नेले तर ३० किलो स्फुरद गेले. खताच्या पोत्यावर जे ‘स्फुरद’ छापलेले असते ते मात्र ऑक्साइडच्या (P₂O₅) रूपात मोजलेले असते. म्हणून ३० ला २.२९ ने गुणा: जवळपास ६९ किलो. या दोन स्फुरदांच्या घोळात हिशेब दुपटीहून जास्त चुकलेले मी पाहिले आहेत.

चरून तिथेच शेण पडत असेल तर तूट खूप कमी असते, फक्त शेण सावलीत आणि पाण्याजवळ साचते, तेवढे पसरवत राहायचे. सगळे कापून बाहेर जात असेल तर आज ना उद्या भर घालावीच लागेल, मग ती कुजलेल्या खताची असो वा पोत्यातली. नवी पेरणी करताना बियाण्याजवळ, पण त्याला न चिकटता, थोडे विद्राव्य फॉस्फेट द्या. दाण्यातले फायटेट संपल्यावर आणि मुळांचे शेजारी जमण्याआधी जे काही दिवस जातात, तेवढ्यापुरते.

पायरी ९: पट्ट्या पाडून बघा

जिथे निर्णय होत नाही तिथे तीन पट्ट्या पाडा: एक तशीच, दुसरीला कुजलेले खत, तिसरीला सुपरफॉस्फेट. नत्र आणि पालाश तिन्हींना सारखे द्या, नाहीतर तुलना फुकट. तिसरी पट्टी स्पष्ट पुढे गेली तर साठा असूनही वेळेवर सुटत नाही असे समजा आणि पायरी ३ व ४ पुन्हा तपासा. तिन्ही सारख्याच राहिल्या तर पोत्याचे पैसे वाचले. दुसरी पहिल्या कापणीला मागे आणि तिसऱ्या कापणीला बरोबरीला आली, तर खत कमी कुजलेले होते.

प्रत्येक कापणीच्या वेळी वजनाबरोबर एकेक ठोंब उपसून मुळांवरचा मातीचा पायमोजा किती जाड आहे तेही वहीत टिपा. आणि पट्ट्यांच्या टोकांना पक्क्या खुंट्या ठोका. दोरी पावसात कुजते, आणि मग कुठली पट्टी कुठली यावरच वाद सुरू होतो.